हरल्या असत्या तर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हाची गोष्ट. आमच्या नववीच्या वर्गात मुलींच्या तोंडी एकच विषय होता. २ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला होता. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत चालला. नेरूळ पेणपासून काही फार दूर नाही, पण आमच्या मुलींपैकी कुणी तिथे जाण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी तो घरच्या टीव्हीवर, नाहीतर भावाच्या मोबाइलवर डोळे ताणून पाहिला होता. शफाली, दीप्ती, जेमिमा ही नावे त्यांना पाठ होती. प्रशिक्षकाचे नाव मात्र एकीलाही सांगता आले नाही. आम्ही फळ्यावर लिहिले, 'अमोल मुजुमदार'. तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला,

"सर, हार जातीं तो उनके सर को निकाल देते ना?"

आम्ही म्हणालो, "हां, शायद."

"तो फिर जीतने पर हार क्यूँ पहनाते हैं?"

वर्ग हसला. उर्दूत हार म्हणजे पराभव आणि हार म्हणजे फुलांची माळही, म्हणून तो विनोद सगळ्यांना कळला. पण विचारणारी हसत नव्हती. तिचे म्हणणे असे होते की जिंकणे मुलींचे असेल तर हरणेही मुलींचेच. आणि हरणे सरांचे असेल तर जिंकणेही सरांचे. एक काहीतरी धरा. तास संपला म्हणून आम्ही सुटलो. प्रश्न मात्र संध्याकाळच्या गाडीत पेणहून रोह्यापर्यंत आमच्यासोबत आला, कासू, नागोठणे, निडी करत. आणि त्यामागून आमची स्वतःची एक जुनी गोष्टही आली. ती पुढे सांगू. आधी मुजुमदारांची.

हा माणूस या प्रश्नासाठीच जन्माला आला असावा असे कधी कधी वाटते. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे अमोल मुजुमदार. त्याची पाळी आलीच नाही. १९९४ मध्ये रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा झाल्या, तरी भारताची टोपी कधी मिळाली नाही. त्या काळात मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. मुजुमदारांचा दोष काय, तर जन्मसाल.

२००६-०७ च्या मोसमात ते मुंबईचे कर्णधार होते आणि प्रवीण आमरे प्रशिक्षक. पहिल्या तीन सामन्यांनंतर मुंबई तळाला होती आणि तोच संघ शेवटी रणजी करंडक घेऊन गेला. अठरा वर्षांनी विश्वचषकात पुन्हा तसेच घडले. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे सलग तीन पराभव झाले, त्यातला इंग्लंडविरुद्धचा अवघ्या ४ धावांनी. त्या आठवड्यात प्रशिक्षकावर काय काय बोलले गेले ते ज्यांनी ऐकले त्यांना आठवत असेल. जो स्वतः भारताकडून खेळला नाही तो काय शिकवणार, इथपर्यंत मजल गेली होती.

मग उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग होता. जेमिमा ८२ वर असताना तिचा झेल उडाला आणि ऑस्ट्रेलियाची कर्णधार, यष्टिरक्षक अलिसा हिली हिच्या हातून तो सुटला. जेमिमा नाबाद १२७ वर पोहोचली आणि भारत अंतिम फेरीत. अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी घेणारी शफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच. प्रतीका रावल जखमी झाली म्हणून तिला ऐनवेळी बोलावले होते. वाचकहो, तो झेल हातात बसला असता आणि प्रतीकाचा पाय मुरगळला नसता, तर मुजुमदारांनी दोन वर्षे केलेली मेहनत तीच राहिली असती, एका तासानेही कमी झाली नसती. पण आमच्या वर्गातल्या मुलीने विचारलेला प्रश्न मग प्रश्न उरला नसता, बातमी झाली असती.

असे होणार नाही म्हणावे तर याच संघाच्या प्रशिक्षकांचा इतिहास समोर आहे. तुषार आरोठे यांच्या हाताखाली हा संघ २०१७ मध्ये लॉर्ड्सवर अंतिम सामना ९ धावांनी हरला. घरोघरी कौतुक झाले, आणि २०१८ च्या जूनमध्ये आरोठे यांनी पद सोडले. त्यानंतर रमेश पोवार आले आणि वर्ष संपायच्या आत गेले. डब्ल्यू. व्ही. रामन यांनी मार्च २०२० मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत संघ नेला, २०२१ मध्ये त्यांच्या जागी पुन्हा पोवार. २०२२ च्या डिसेंबरात तेही हलवले गेले. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुजुमदारांची नेमणूक होईपर्यंत दहा महिने ही खुर्ची रिकामीच होती. म्हणजे प्रशिक्षकावाचून संघ दहा महिने चालतो, पण हरल्यावर प्रशिक्षकावाचून भागत नाही.

मुंबईच्या रणजी संघाचे तर विचारूच नका. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने सलग पंधरा वेळा करंडक जिंकला. त्या काळी आजच्या अर्थाने मुख्य प्रशिक्षक ही चीजच नव्हती. कर्णधार होता, मैदानावरची जुनी खोडं होती, लोकलच्या डब्यातले टीकाकार होते. पुढे खेळ धंदा झाला तशी ही खुर्ची आली, आणि खुर्ची आली म्हणजे तीवर बसवणे आणि तीवरून उठवणे आले. आमरे यांनी करंडक दिले, २०१२-१३ मध्ये सुलक्षण कुलकर्णी यांनी दिला. २०१५-१६ मध्ये चंद्रकांत पंडित यांच्या देखरेखीखाली मुंबईने एकेचाळिसावा जिंकला. पुढच्याच मोसमात, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरला मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. एक विजेतेपद, एक उपविजेतेपद. पंडित गेले.

पुढच्या सहा-सात वर्षांत समीर दिघे, विनायक सामंत, अमित पागनीस, रमेश पोवार, अमोल मुजुमदार, ओंकार साळवी, अशी सहा नावे त्या खुर्चीवर आली. एवढ्यात आमच्या शाळेत दोनदाच मुख्याध्यापक बदलले, आणि तेही निवृत्तीमुळे.

पंडित कुठे गेले? विदर्भाला. ज्या संघाने साठ वर्षांत रणजीचा अंतिम सामना पाहिला नव्हता, त्याने २०१७-१८ मध्ये करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. मग ते मध्य प्रदेशला गेले. जून २०२२ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशने अंतिम सामना जिंकला, आणि हरला कोण, तर मुंबई. याच मैदानावर १९९८-९९ चा अंतिम सामना मध्य प्रदेश कर्नाटककडून हरले होते, तेव्हा पंडित त्यांचे कर्णधार होते. आणि २०२२ मध्ये हरलेल्या मुंबईच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसले होते अमोल मुजुमदार. पुढचा मोसमही मुंबईचा रणजीत बेताचाच गेला, मग तिथे ओंकार साळवी आले. त्यांच्या हाताखाली मार्च २०२४ मध्ये मुंबईने बेचाळिसावा करंडक जिंकला. त्या संघातली बरीच पोरे मुजुमदारांच्या काळातच घडत होती. श्रेय कुणाच्या खात्यावर मांडायचे?

इथे आम्हांला पेणची आठवण होते. गणपतीच्या दिवसांआधी हमरापूर-जोह्याच्या बाजूला गेलात तर एकेका मूर्तीमागे किती हात असतात ते दिसते. माती मळणारा वेगळा, साचा भरणारा वेगळा, जोड घासणारा वेगळा, रंग देणारा वेगळा. आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणारा येतो. गिऱ्हाईक दुकानात मूर्तीसमोर उभे राहते ते डोळ्यांकडे पाहून, आणि वाहवा आखणीवाल्याच्या पदरात पडते. मात्र मूर्ती वाटेत तडकली तर कुणी आखणीवाल्याला जाब विचारत नाही. तेवढा न्याय त्या कारखान्यांत आहे.

आता कुणी म्हणेल, मग प्रशिक्षक करतो तरी काय? सगळा नशिबाचाच खेळ असेल तर पगार कशाचा? पण तसेही नाही. तीन वेगवेगळे संघ, तीन वेगवेगळी गावे, आणि तिन्हीकडे एकाच माणसाच्या हाताखाली करंडक, याला योगायोग म्हणायला मन धजत नाही. पंडितांच्या हातात काहीतरी आहे. मात्र ते एका सामन्याच्या निकालात वाचता येत नाही, त्याला पंधरा वर्षे लागतात. आणि निर्णय घेणाऱ्यांच्या हाताशी सोमवारची बैठक असते. खुद्द पंडितांचेच पुढे काय झाले पाहा. २०२४ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक असताना कोलकाता नाइट रायडर्सने आयपीएल जिंकली. वर्तमानपत्रांनी श्रेय दिले मार्गदर्शक गौतम गंभीर यांना, आणि ते भारताचे प्रशिक्षक झाले. २०२५ मध्ये संघ आठवा आला तेव्हा वेगळे झाले पंडित. आमच्या नववीतल्या मुलीचे गणित इथेही जुळत नाही.

तत्त्वज्ञानात या कोड्याला नाव आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी १९७६ मध्ये ते मांडले, त्याला आपण 'नैतिक योगायोग' म्हणू. नेगेलचे उदाहरण ट्रक ड्रायव्हरचे आहे. दोन ड्रायव्हर सारखेच बेपर्वा, दोघांनीही ब्रेक तपासले नाहीत. एकाच्या वाटेत लहान मूल आले, दुसऱ्याच्या आले नाही. दोघांचा हलगर्जीपणा समसमान, पण एक गुन्हेगार आणि दुसरा सुखाने घरी जेवायला. कांट म्हणेल की मोजायचा तो हेतू, निकाल नव्हे. आपल्याकडे सहीह बुखारीतली पहिलीच हदीस हेतूविषयी आहे, आणि गीतेतला फळाविषयीचा श्लोक तर आमच्या सहकारी शिक्षकांच्या तोंडी सदाच असतो. मराठीत नियती म्हणजे दैव आणि उर्दूत नीयत म्हणजे हेतू. एका वेलांटीची जागा सरकते आणि अर्थ टोकाला जातो. मराठी शिकवताना आमची मुले हा घोटाळा दरवर्षी करतात. मोठी माणसे शुद्धलेखनात करत नाहीत, व्यवहारात करतात.

पण नीयत बघायची म्हटले तर ती दिसणार कुणाला? क्रिकेट मंडळाला दिसत नाही, शिक्षण खात्याला दिसत नाही. म्हणून दोन्हीकडे निकाल मागतात. इथवर आमची तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. 'हे कशामुळे झाले' आणि 'याचा जाब कोण देणार' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर शोधायला वेळ लागतो, त्यात निवड समिती येते, खेळपट्टी येते, मुलांचा सराव कुठल्या मैदानावर होतो हे येते, ते मैदान कुणी विकले हेही येते. दुसऱ्याचे उत्तर एका नावात संपते. एक नाव मिळाले की पहिला प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही, आणि प्रशिक्षक काढण्यातला खरा आराम हाच आहे.

काढणे म्हणजे नेहमी शिक्षाच असते असेही नाही, हे मान्य करावे लागेल. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांची हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. रणांगणावर हार माहीत नसलेला सेनापती, आणि हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना सेनापतिपदावरून दूर केले. इतिहासकार कारणे अनेक देतात. त्यातले एक असे की लोक फतेह खालिद यांच्यामुळे होते असे मानू लागले होते, आणि ती समजूत मोडायची होती. हरल्यावर माणूस काढणारे जगात पुष्कळ. जिंकल्यावर, श्रेय चुकीच्या जागी साचू नये म्हणून काढणारा आम्हांला तरी दुसरा माहीत नाही. आणि खालिद यांनी काय केले? ते अबू उबैदा (रजि.) यांच्या हाताखाली लढत राहिले. बालपणी आम्हांला ही गोष्ट आज्ञापालनाची म्हणून शिकवली गेली. आता वाटते, ती हिशेबाची आहे.

आखाड्यातला वस्ताद आठवून पाहा. हा शब्द आपल्याच उस्तादापासून आला. पैलवान चितपट झाला तर वस्तादाला कुणी काढत नाही. वस्तादच मान खाली घालून मैदानाबाहेर येतो, पोराच्या पाठीवरची माती झाडतो. दोष त्याने घेतलेला असतो. त्याच्यावर कुणी तो ठेवलेला नसतो. या दोहोंतला फरक आम्हांला बऱ्याच उशिरा कळला, आणि तो ज्या प्रसंगाने कळला तो सांगायचे आम्ही कबूल केले आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही मराठी शिकवत होतो. पहिल्याच वर्षी दहावीचा मराठीचा निकाल शंभर टक्के लागला. शाळेने जलसा केला, आमच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, हातात शाल आली. वस्तुस्थिती अशी की ती मुले पाचवीपासून ज्या बाईंनी शिकवली त्या दिवाळीत निवृत्त झाल्या होत्या. आम्ही त्यांना उरलेले चार महिने सराव प्रश्नपत्रिका सोडवायला लावल्या, एवढेच. बाई त्या जलशात मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि मनापासून टाळ्या वाजवत होत्या. आम्ही भाषणात त्यांचे नाव घेतले. घेतले, पण शाल खांद्यावरून काढली नाही.

तीन वर्षांनी मराठीत पाच मुले नापास झाली. लेखी खुलासा मागवण्यात आला. आम्ही रात्री जागून दोन पानी खुलासा लिहिला, सरकारी मराठीत, अगदी शुद्ध. त्यात एका मुलीविषयी लिहिले की सदर विद्यार्थिनी वर्षभरात वारंवार गैरहजर होती, सबब तिची तयारी होऊ शकली नाही. हजेरीपत्रकातले दिवस मोजून आकडा दिला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. खुलासा मान्य झाला. आमच्यावर काही आले नाही.

ती दाखला न्यायला आली तेव्हा ऑफिसातल्या शिपायाने सहज बोलता बोलता तिला ते सांगितले असावे. तिची आई आजारी होती, वडील कुवेतला, भाऊ लहान. आठवड्यातून दोनदा आईला अलिबागला उपचाराला न्यायचे काम तिचे होते. हे आम्हांला तिने त्या दिवशी सांगितले, आम्ही विचारले म्हणून. वर्षभरात ते कधी विचारले नव्हते. हजेरी घेताना तिचे नाव आले की आम्ही फक्त टिंब देत होतो. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "सर, मैंने आपका नाम ख़राब किया ना?"

आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा "नहीं नहीं" असे काहीतरी पुटपुटलो. पुरवणी परीक्षेत ती पास झाली असे नंतर कळले.

आमच्या शिकवण्यामुळे ती नापास झाली असे आम्ही आजही म्हणणार नाही. ते खरे नाही. कारण शोधायला गेलात तर ते आजारात सापडेल, अलिबागच्या रस्त्यात सापडेल, आमच्या गावात उपचाराची सोय नाही त्यात सापडेल. पण खुलासा आमच्याकडे मागितला होता, तिच्याकडे नव्हे. आमच्या आणि वरिष्ठांच्या मध्ये ती कुठे नव्हतीच. आम्ही तिला पुढे ओढून उभी केली. पाच पराभव आमच्या खात्यावर घेतले असते तर काय झाले असते? एक ताकीद, फार तर एक वेतनवाढ. मुजुमदार, पोवार, रामन यांची खुर्ची जात होती, आमची तर तीही जात नव्हती.

तेव्हा नववीतल्या मुलीला आमचे उत्तर असे. जिंकणे आणि हरणे यांचा हिशेब सारखा ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. जिंकल्यावर सरांनी मागच्या रांगेत पाहावे, तिथे कुणीतरी टाळ्या वाजवत असते. हरल्यावर मागे पाहू नये, कारण तिथे मुली उभ्या असतात. तिचे गणित बरोबर होते, फक्त ते दोन टोकांचे होते आणि गोष्टीत तीन माणसे आहेत. हे तिला कितपत पटले सांगता येत नाही. ती म्हणाली, "मगर ये तो सर लोगों के लिए घाटे का सौदा है." आम्ही म्हणालो, "है तो सही."

आता सहामाहीचा निकाल लागला आहे. कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यांची यादी द्यायची आहे. छापील तक्त्यात चार रकाने असतात: नाव, गुण, कारण, उपाययोजना. नववीत सात नावे आहेत. नाव आणि गुण भरून झाले आहेत. कारणाचा रकाना अजून कोरा आहे, आणि उद्या तो तक्ता ऑफिसात द्यायचा आहे. सातांपैकी चौघांच्या घरी जाऊन आलो. तिघांची घरे राहिली आहेत, त्यातले एक नागोठण्याला, म्हणून आज गाडीतून मध्येच उतरायचे ठरवले आहे.